बांधावरचा म्हसोबा

१

म्हसोबा जागेवर नव्हता.

मोजणीदाराला त्याचं फारसं काही वाटलं नाही. साखळी धरलेल्या माणसाला त्यानं थांबायची खूण केली, नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि विचारलं, "कुठंय तुमचा दगड?"

विहिरीच्या पलीकडे, घाणेरीच्या झुडपाआड, जिथं पिढ्यान्‌पिढ्या शेंदरानं माखलेला देव उभा होता, तिथं एक खड्डा होता.

चांगुणा सगळ्यांच्या मागं उभी होती. नगरच्या मुलींच्या शाळेत ती शिक्षिका होती आणि वडील गेल्यापासून रजेवर होती. खड्डा बघून तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे आण्णांना सांगायला हवं. मग तिला आठवलं.

काष्टीच्या अलीकडच्या त्या वाडीत तिच्या वडलांचं, कारभारींचं, आणि मच्छिंद्राचं शेत लागून होतं. मधल्या अरुंद पट्टीवरून श्रीगोंद्याच्या कोर्टात कित्येक वर्षं दावा चालू होता. त्या पट्टीत एक विहीर होती. कारभारींनी ती स्वतः पहार चालवून खणली, तेव्हा मच्छिंद्र काठावर बसून त्यांना तंबाखू मळून देत होता. पाणी लागलं आणि मग पट्टी कोणाची हा प्रश्न निघाला.

कारभारींचं म्हणणं एकच होतं. म्हसोबा म्हणजेच सरकारी हद्दीचा दगड. जुन्या मोजणीत तो पुरला, माथ्यावर छिन्नीनं फुली मारली. पुढं कोणीतरी त्याला शेंदूर लावला, कोणीतरी नारळ फोडला आणि त्याचा देव झाला. फुली अजून शेंदराच्या थराखाली आहे. मच्छिंद्र म्हणे, देव तो देव, त्याला कसली फुली? हद्दीचा दगड कारभाऱ्यानं विहीर खणताना गाडला. शेंदूर खरवडून बघायची छाती दोन्ही घरांत कोणाची नव्हती. अखेर कोर्टानंच हुकूम दिला, की दोघांच्या देखत थर काढून बघा. तो आजचा दिवस. कारभारी त्याची वाट बघत होते आणि मागल्या महिन्यात, सरहद्दीवरची लढाई थांबली त्याच आठवड्यात, ते गेले.

"कारभारी गेला, त्येच्या मागं देवबी गेला," मच्छिंद्र म्हणाला. "खरवडायची येळ आली आन देव पळाला. फुली असती तर पळाला असता व्हय?"

"फुली हाय म्हनूनच कुनीतरी पळवला," चांगुणाचा धाकटा भाऊ कानिफनाथ म्हणाला. तो एक पाऊल पुढं आला तसा त्यांच्या बाजूच्या शामकांत वकिलांनी त्याच्या दंडाला धरलं.

मोजणीदारानं घड्याळ बघितलं. "पुढच्या सोमवारी येतो. दगड असला तर त्याच्यावरून मोजतो. नसला तर सडकेच्या दगडावरून."

सडकेचा दगड रस्ता रुंद करताना सरकला होता, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्याच्यावरून रेघ ओढली तर विहीर मच्छिंद्राकडे जाणार होती.

वकिलांनी चांगुणाला बाजूला घेतलं. "नुसता खड्डा कोणीही खणेल. पण दगड मिळाला, त्याच्यावर फुली निघाली आणि हा इथूनच निघाला असं सांगणारा एक माणूस उभा राहिला, तर दावा तुमचा. आठवडा आहे, ताई."

सगळे पांगल्यावर ती खड्ड्याशी बसली. पहारीनं दगड उचकटला तर खड्डा एका अंगाला फाकतो, ढेकळं उडतात. हा खड्डा चारी बाजूंनी सारखा, जपून कोरलेला होता. कडेच्या मातीवर उमटलेले चंद्रकोरीसारखे वण खुरप्याचे होते. आणि तळाशी, वाळून तपकिरी झालेल्या विड्याच्या पानावर, एक सुपारी ठेवलेली होती.

देव हलवला तर त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून ठेवतात तशी.

चोराला एवढी काळजी कशाला पडेल?

२

"ये. बस," मच्छिंद्र म्हणाला. "फौजदार म्हनून आलीस का पोर म्हनून?"

"दोन्ही, नाना."

तो हसला नाही, पण घोंगडी सरकवून त्यानं तिला जागा दिली. तो ओसरीच्या अशा कोपऱ्यात बसला होता, जिथून गावाकडची पायवाट शेवटपर्यंत दिसते. त्याचा थोरला मुलगा श्रीमंत फौजेत होता. लढाई संपल्यावर तार आली, की त्याचा पत्ता लागत नाही. मेला म्हणून नव्हे आणि आहे म्हणूनही नव्हे. तेव्हापासून मच्छिंद्र त्या कोपऱ्यात बसत असे.

"दगड गेल्यानं फायदा कुणाचा होतो, नाना?"

"माजा," तो म्हणाला. "सरळ हाय की. म्हनून तर मी न्हाई नेला. एवढी अक्कल मला हाय, का न्हाई? समदं गाव माज्याकडं बोट दावील त्ये मला कळत नव्हतं व्हय? आन त्यो देव हाय, चांगुणे. माजा पोरगा तिकडं..." तो थांबला. पायवाटेवर कोणीतरी सायकल घेऊन येत होतं. जवळ आल्यावर तो दूधवाला निघाला. "तुज्या बापाशी भांडलो मी. त्याला खांदाबी दिला. कोर्टात खोटं बोललो असंन, देवाशी न्हाई."

"कोर्टात काय खोटं बोललात?"

"त्ये माज्या वकिलाला इचार. पैकं त्येनं घेतलं."

त्याची बायको राहीबाई आतून गुळाचा कोरा चहा घेऊन आली. चांगुणा लहान होती तेव्हा हिच्या हातची भाकरी खाऊन ती कितीदा याच ओसरीवर झोपून गेली होती. आज राहीबाईनं कप ठेवला आणि डोळे वर उचलले नाहीत.

"आई जेवली का गं?"

"जेवली, नानी."

"नीट जेवली का?"

"नाही."

राहीबाईनं मान हलवली. मग कळशी उचलून ती पाण्याला निघाली. पट्टीत कोणी औत घालायचं नाही, पाय ठेवायचा नाही, अशी कोर्टाची मनाई होती. फक्त पिण्याचं पाणी दोन्ही घरांनी भरावं, एवढी मोकळीक. त्यामुळे गडीमाणूस तिकडे फिरकत नसे. कानिफची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, तेव्हा पाण्याला येणाऱ्या बायका दोनच. इकडून चांगुणाची आई बनुबाई आणि तिकडून राहीबाई.

चांगुणा तिच्याबरोबर विहिरीपर्यंत चालत गेली. राहीबाईनं रहाटावर दोर टाकला. काथ्याचा दोर भराभर खाली सुटू लागला आणि मधेच चांगुणाची नजर त्याच्यावर अडकली.

दोराच्या मध्यावर, हातभर लांबीत, तांबडा डाग होता. तेलात कालवलेला शेंदूर पाण्यानं सहजी जात नाही.

३

"मंग अजून काय पायजे?" कानिफनाथ उठला. "त्येच्या दोराला शेंदूर हाय म्हंजे देव त्येनंच वढून नेला. चोर निवांत बसलाय वसरीवर."

"बस खाली."

"आक्का, तू नगरात ऱ्हातीस. तुला हितलं म्हाईत न्हाई."

"मला एवढं माहीत आहे, की दगड बांधून ओढायचा तर दोराचं टोक बांधतात. डाग टोकाला पडेल. हा मध्यावर आहे."

कानिफ बसला. समजलं म्हणून नव्हे, तर थोरली बहीण बोलली म्हणून.

"दोर मध्यावर कधी माखतो?" ती त्याला नव्हे, स्वतःलाच विचारत होती. "दुहेरी करून दगडाखालनं घातला आणि दोन्ही टोकं हातात धरली, तर. आपल्याकडे हंडा असाच सोडतात. खाली टेकला की एक टोक सोडून द्यायचं आणि दुसरं ओढून घ्यायचं. दोर परत हातात येतो."

"म्हंजे?"

"म्हणजे देव कोणी ओढून नेला नाही. कुठंतरी खाली सोडला. हळू सोडला."

आण्णांच्या वहाणा अजून दाराशी होत्या. त्या उचलायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं, किंवा सगळ्यांच्याच आलं होतं. कानिफ त्यांच्याकडे बघत बसला.

"त्या इहिरीचं नशीबच असं," तो म्हणाला. "पाऊस न्हाई, पानी खाली चाललंय. पंचायतीनं गाळ काढाया मानसं पाठिवली, तर आईनं परत लावली. म्हनली, एवढ्यात नगं. आन गंमत सांगू? राहीनानीबी तितंच हुती, तीबी म्हनली नगं. एवढ्या वर्सांत पैल्यांदा दोन्ही घरं एका बाजूला झाली. आन्ना असतं तर हसलं असतं."

चांगुणा हसली नाही. ती उठून परसात गेली. आईनं पाणी भरून आणलं होतं. दोर भिंतीच्या खुंटीवर गुंडाळून टांगलेला होता. तिनं तो खाली काढला आणि एकेक वेढा उलगडत गेली.

मध्यावर, हातभर लांबीत, तोच तांबडा डाग होता.

४

दोन दोर, दोन घरं.

ती दोर मांडीवर घेऊन चुलीपाशी जाऊन बसली. आई भाकरी थापत होती. एक माणूस एका दोरानं असा दगड सोडू शकत नाही, तो कलंडतो. डोक्याकडून एक आणि बुडाकडून एक असे दोन दोर हवेत, आणि धरायला दोन माणसं. खुरपं बायकांच्या हातातलं. म्हसोबा जागेवर नाही हे महिनाभर कोणाला दिसलं नाही, कारण गडीमाणूस तिकडे जातच नव्हता. पण पाण्याला येणाऱ्या दोघींना ते पहिल्याच सकाळी दिसायला हवं होतं. दोघींपैकी एकीनंही हाक मारली नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट तिला आठवली. आण्णा अत्यवस्थ आहेत असा निरोप आला म्हणून ती नगरहून धावत आली, तेव्हा देव्हारा रिकामा होता. टाक, खंडोबा, अन्नपूर्णा, सगळे तांब्याच्या पातेल्यात पाण्याखाली. आजारी माणूस उठेपर्यंत देवांना पाण्यात ठेवायचं, म्हणजे त्यांनाही गुदमरल्यासारखं होतं आणि ते लवकर ऐकतात. आईनं कोणाला सांगितलं नव्हतं आणि चांगुणानं विचारलं नव्हतं. तेराव्यानंतर आईनं ते बाहेर काढले, चिंचेनं घासले आणि पुन्हा मांडले. एकाही देवाला ती काही बोलली नाही.

"आई, तू सगळेच देव पाण्यात ठेवले होतेस."

भाकरी तव्यावर पडली. बनुबाईनं तिच्यावर पाण्याचा हात फिरवला.

"बांधावरचासुद्धा," चांगुणा म्हणाली.

"घरातल्या देवांनी ऐकलं न्हाई," बनुबाई म्हणाली. "म्हनलं, ह्यो रानातला, रागीट हाय, ह्यो ऐकंल. समदी काष्टीच्या बाजाराला गेल्ती. तुजा बाप आत पडलेला. इहिरीवर राही भेटली. तिची लढाईची रडारड. कुनी कुनाला सांगितलं त्ये आता आठवत न्हाई."

"आणि कोर्टाचा हुकूम? हा दगड म्हणजे..."

"तवा कसलं कोर्ट, बये. मानूस चाललं हुतं."

तिनं भाकरी उलटली. चांगुणानं दोर खाली ठेवला. आतापर्यंतचं सगळं जुळत होतं, फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. आणि आईच्या तोंडून ती ऐकायची तिची तयारी नव्हती, तरी तिनं विचारलं.

"आण्णा गेले. घरातले देव तू काढलेस. मग त्याला का नाही काढलं?"

बनुबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"माजं संपलं," ती म्हणाली. "राहीचं कुटं संपलंय?"

चुलीत लाकूड सरकलं.

"मधीच काढला तर तिचा पोरगा न्हाई यायचा. असं तिला वाटतं. मला काय वाटतं त्ये इचारू नगं, माज्याजवळ आता तसलं काय ऱ्हायलं न्हाई." बनुबाईनं भाकरी टोपलीत टाकली. "तू शिकल्याली हायस. काढायचा तर काढ. दोर हाय, कानिफ हाय. तुज्या बापाची इहीर हाय, त्येच्या हाताला घट्टं पडलं हुतं. पर आदी राहीला सांगून ये. तिच्या पाठीमागं न्हाई काढायचा."

५

राहीबाई अंगणात बाजरी पाखडत होती. चांगुणानं तिला सगळं सांगितलं. दोर, खुरपं, सुपारी, सोमवार, वकील काय म्हणाले ते. वर्गात अवघड गणित समजावून सांगावं तशी ती शांतपणे सांगत गेली, आणि सांगता सांगता आपण हिला जागाच ठेवत नाही आहोत, हे तिला कळत गेलं.

राहीबाईचं सूप थांबलं नाही.

"काढ, बाई," ती म्हणाली. "तुमची इहीर हाय. तुज्या बापानं खनली. ह्यांनाबी त्ये म्हाईत हाय. मी कसं नगं म्हनू?"

ओसरीवर मच्छिंद्र पायवाटेकडे बघत बसला होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

"फकस्त उद्याचा दिवस थांबतीस का?" राहीबाईनं हळू आवाजात विचारलं. "उद्या तार यील."

"उद्या येणार आहे? कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. रोजच उद्या येनार असती."

चांगुणाकडे पुरावा होता, साक्षीदार होत्या, चोरीचा माल कुठं आहे हेही ठाऊक होतं. आता कोणाला तरी पकडायचं बाकी होतं आणि पकडण्यासारखं कोणीच नव्हतं. तिनं राहीबाईच्या हातातलं सूप घेतलं आणि राहिलेली बाजरी पाखडून दिली.

सोमवारी मोजणीदार आला. सडकेच्या दगडावरून साखळी सुटली, खुंट्या ठोकत ठोकत माणसं बांध ओलांडून आली. शेवटची खुंटी विहिरीच्या अलीकडे, कारभारींच्या बाजूला पडली. कानिफनाथ विहिरीच्या काठावर, वडील बसायचे तिथं बसला आणि मग ती जागा आपली नाही हे लक्षात येऊन उठला.

"काही शोध लागला का, ताई?" वकिलांनी विचारलं.

"नाही," चांगुणा म्हणाली.

तिच्यामागं बनुबाई होती. काही अंतरावर राहीबाई. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

६

निकाल व्हायला वर्ष गेलं. विहीर मच्छिंद्राची झाली. तोवर पाऊस दुसऱ्यांदा चुकला होता. उन्हाळ्याच्या सुटीत चांगुणा आली तेव्हा कानिफ दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता आणि वाडीला पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं.

घरी आई नव्हती. घागरही नव्हती. चांगुणा पट्टीकडे गेली.

मच्छिंद्र विहिरीकडे पाठ करून, बऱ्याच अंतरावर, बाभळीच्या विरळ सावलीत बसला होता. पायवाट तिथूनही दिसत होती.

"नाना, गाळ नाही काढलात? विहीर तर आता तुमची आहे."

"ती म्हनली नगं," तो म्हणाला. "मी इचारलं न्हाई. इहिरीत मी बघतबी न्हाई." थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्यांना कुनी आडवू नगं."

विहिरीच्या काठावर दोघी होत्या. टँकरवरून भरून आणलेल्या दोन घागरी त्यांच्यापुढे होत्या. बनुबाईनं एक घागर उचलली, वाकली आणि काठावरून आत ओतली. पाणी दगडी भिंतीवरून ओघळत खोल गेलं. मग राहीबाईनं तिची अर्धी घागर ओतली आणि अर्धी संध्याकाळच्या स्वयंपाकाला ठेवली.

चांगुणाला काही विचारावं लागलं नाही. पाणी आटत चाललं होतं. ते सरलं की देव उघडा पडणार होता, आणि श्रीमंतची तार अजून आली नव्हती.

"आलीस?" आई म्हणाली आणि तिच्या हातात स्वयंपाकाला ठेवलेली ती अर्धी घागर दिली.

तिनं वाकून आत बघितलं. तळाशी डबकं उरलं होतं, एखाद्या परातीएवढं. त्याच्या मधोमध दगडाचा माथा वर आला होता. वर्षभर पाण्यात राहून शेंदराचा जाड थर फुगून गळून पडला होता आणि आतला काळा दगड जुन्या मोजणीच्या दिवशी असेल तसा उघडा होता. त्याच्यावर छिन्नीनं मारलेली फुली होती. दोन सरळ रेघा, एकमेकींना छेदून गेलेल्या.

आण्णा, ती मनात म्हणाली.

तिनं घागर ओतली. पाणी खाली पोचलं, डबकं हललं आणि पुन्हा स्थिर झालं. माथा तेवढाच वर होता.

राहीबाई काठाला हात टेकून आत डोळे लावून बसली होती. गेल्या वर्षात तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता.

"मला हाली नीट दिसत न्हाई गं," ती म्हणाली. "बुडाला का?"

बनुबाईनं लेकीकडे बघितलं.

"बुडाला, नानी," चांगुणा म्हणाली.